रक्ताचा थेंब आणि सरकारची वही

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

आमच्या भिवंडींत सायंकाळीं वाचनालयाच्या ओट्यावर पांचसहा मंडळी जमतात. कोणी यंत्रमागवाले, कोणी दुकानदार, कोणी माझ्यासारखे पेन्शनर. गेल्या पावसाळ्यांत तेथें एका चोरीवरून गोष्ट निघाली. शेजारचे अण्णा म्हणाले, "मास्तर, सरकारनें एकदां प्रत्येक माणसाचें थेंबभर रक्त घेऊन त्याची नोंद करून ठेवावी, म्हणजे चोर दुसऱ्या दिवशीं हातांत. ज्यानें कांहीं केलें नाहीं, त्याला भिण्याचें कारणच काय?" ओट्यावरील सर्वांनीं माना डोलावल्या. मलाही त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. घरीं आल्यावर मात्र तो प्रश्न मनांतून जाईना. कारण तो एकट्या अण्णांचा नाहीं, तुमच्या-आमच्या सर्वांच्या घरांतला आहे. आज त्याच प्रश्नाचें उत्तर मी माझ्या अल्प मतीप्रमाणें देणार आहें.

मी शास्त्रज्ञ नाहीं व कायदेपंडितही नाहीं. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि तीसएक वर्षें मुलांना शिकवून निवृत्त झालों. पण त्या तीस वर्षांत एक काम मीं मन लावून केलें, तें म्हणजे वह्या राखण्याचें. हजेरीपट, जनरल रजिस्टर, फीची वही, शिक्षेची वही. वहींत लिहिलेला एक शब्द माणसाच्या मागें किती वर्षें चालतो, हें मास्तराइतकें थोड्यांनाच ठाऊक असेल. आणि आजचा विषय, नांवानें शास्त्रीय असला तरी, शेवटीं एका वहीचाच आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. रक्तांतील पांढऱ्या पेशी, थुंकीबरोबर येणाऱ्या गालाच्या आंतील पेशी, केंसाच्या मुळाच्या पेशी, या प्रत्येकींत एक अतिशय लांब व अतिशय बारीक धागा गुंडाळून ठेवलेला असतो. त्यालाच डीएनए म्हणतात. त्या धाग्यावर केवळ चार अक्षरांच्या लिपींत सुमारें तीनशें कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला असून त्याच्या दोन प्रती असतात; एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. कोणत्याही दोन माणसांच्या मजकुरांतील हजारांपैकीं सुमारें नऊशें नव्याण्णव अक्षरें सारखींच असतात. राहिलेल्या एका अक्षरांत तुमचें-माझें वेगळेपण.

आतां ओळख कशी पटवितात? या मजकुरांत कांहीं ठराविक ठिकाणीं चारपांच अक्षरांचा एक लहानसा शब्द पुनःपुन्हां आलेला असतो. एका माणसांत तो बारा वेळां येतो, दुसऱ्यांत पंधरा वेळां. आमच्या गांवांत दोन ताके दुरून सारखे दिसले तरी जाणता माणूस भिंग लावून इंचांतले धागे मोजतो आणि कोणता माल कोणता तें सांगतो. प्रयोगशाळेंत तसेंच मोजतात. अमेरिकेंत २०१७ सालापासून अशीं वीस ठिकाणें मोजण्याची पद्धत आहे. प्रत्येक ठिकाणचे दोन आंकडे, एक मातेचा व एक पित्याचा. असे सर्व आंकडे ओळीनें मांडले कीं आंकड्यांची एक माळ तयार होते. दोन परक्या माणसांची संपूर्ण माळ जुळण्याचा संभव नसल्यासारखाच. अपवाद एकसारख्या जुळ्या भावंडांचा. त्यांची माळ एकच असते.

येथें एक भेद लक्षांत ठेवावा, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. आंकड्यांची माळ निराळी आणि ज्या थेंबांतून ती काढली तो थेंब निराळा. माळेवरून मुख्यतः माणूस कोण एवढेंच ठरतें. थेंबांत मात्र संपूर्ण मजकूर असतो. त्यावरून अंगांतील कांहीं रोग, पुढें होऊं शकणाऱ्या कांहीं व्याधी, पूर्वज कोणत्या प्रदेशांतले, असें बरेंच वाचतां येतें. माळ म्हणजे घराचा क्रमांक, तर थेंब म्हणजे घराची किल्ली.

या विद्येचा जन्म १९८४ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील लेस्टर शहरीं झाला. अलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञास ती सुचली. तिच्या पहिल्या मोठ्या फौजदारी उपयोगाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्या शहराजवळ १९८३ व १९८६ सालीं दोन मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलानें दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांनीं परीक्षा केली तेव्हां दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे ठरले, आणि तो माणूस हा मुलगा नव्हता! खरा गुन्हेगार पुढें १९८७ सालीं सांपडला व १९८८ मध्यें त्यास शिक्षा झाली. म्हणजे या विद्येनें गुन्हेगार पकडण्याच्या आधीं एका निरपराध्याला सोडविलें. तिचें हें पहिलें पुण्यकर्म आपण विसरतां कामा नये.

आपल्या देशांत ही विद्या हैदराबादच्या पेशी व रेणु जीवशास्त्राच्या केंद्रांत डॉ. लालजी सिंग यांनीं रुजविली. १९९० च्या सुमारास केरळांतील थलसेरी येथील पितृत्वाच्या एका वादांत तिचा पुरावा आपल्या न्यायालयांत मान्य झाला. आज मुंबईस कलिना येथें राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. डिसेंबर २०१२ मध्यें दिल्लीच्या बसमध्यें जो अघोर प्रकार झाला, त्या खटल्यांत २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षा कायम केली, त्या वेळीं या पुराव्यावरही भर दिला होता. आणि १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेस विमान कोसळून विमानांतील २४१ व जमिनीवरील मिळून २६० जीव गेले, तेव्हां ओळखूं न येणारीं प्रेतें आईबाप-मुलांच्या रक्ताशीं ताडून पाहूनच आप्तांच्या स्वाधीन करतां आलीं. ज्या आईला आपल्या लेकराला अग्नि देतां आला, तिला या विद्येची किंमत आपण सांगावयास नको.

तेव्हां मी या विद्येचा निंदक आहें असें कोणीं समजूं नये. प्रश्न विद्येचा नाहीं. थेंब शरीरांतून निघून न्यायाधीशापुढें पोंचेपर्यंत जे हात लागतात, त्या हातांचा प्रश्न आहे. आणि काम संपल्यावर तो थेंब जातो कोठें, याचा प्रश्न आहे.

हातांची गोष्ट आधीं सांगतों. जर्मनींत हाइलब्रॉन नांवाचें शहर आहे. तेथें २००७ सालीं एका स्त्री-पोलीस शिपायाचा खून झाला. घटनास्थळीं एका अज्ञात स्त्रीचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्स या देशांत मिळून चाळीसएक ठिकाणीं मिळालेला होता. कोठें खून, कोठें चोरी. पोलिसांनीं या बाईचा वर्षानुवर्षें शोध केला. २००९ मध्यें उलगडा झाला. ती बाई गुन्हेगार नव्हतीच! ज्या कापसाच्या काड्यांनीं पोलीस नमुने टिपून घेत, त्या काड्या तयार करणाऱ्या कारखान्यांतल्या बाईचा तो डीएनए होता. काड्या जंतुरहित केलेल्या होत्या, पण त्यांवर चिकटलेला डीएनए गेला नव्हता. कापसावर पोट असलेल्या आमच्या गांवांतील बायांना उद्यां असा प्रसंग आला, तर त्यांनीं काय उत्तर द्यावें? प्रयोगशाळेनें खोटें सांगितलें नव्हतें. तिनें विचारलेल्या प्रश्नाचें खरेंच उत्तर दिलें. चूक तिच्या दाराशीं माल येण्यापूर्वींच झालेली होती.

हें परदेशाचें झालें. आतां आपल्याच ठाणे जिल्ह्यांतील गोष्ट ऐका. २०१० च्या जून महिन्यांत सहा वर्षांच्या एका बालिकेवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्याच भागांत राहणाऱ्या एका माणसास पकडलें. डीएनएचा अहवाल त्याच्या विरुद्ध आला. २०१४ सालीं खालच्या न्यायालयानें त्यास फांशीची शिक्षा दिली. २०१५ सालीं उच्च न्यायालयानें ती कायम केली. मे २०२३ मध्यें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें निर्णयास आलें, तेव्हां न्यायमूर्तींनीं त्या माणसाला निर्दोष सोडलें. कारण काय? नमुने वेळेवर प्रयोगशाळेस पाठविले गेले नव्हते. उशिराचा खुलासा नव्हता. मधल्या काळांत ते कसे राखले, त्यांत भेसळ झाली नाहीं याची खात्री कोणासही देतां आली नाहीं. डीएनए झाला तरी तो अखेर तज्ज्ञाच्या मताचा पुरावा; त्याची किंमत बाकीच्या कामाच्या चोखपणावर ठरते, असें त्या निकालाचें तात्पर्य आहे.

श्रोतेहो, या निकालांत दोन दुःखें आहेत. एक माणूस सुमारें तेरा वर्षें तुरुंगांत राहिला व त्यांतील कित्येक वर्षें फांशीच्या छायेंत. आणि त्या चिमुकलीच्या आईबापांना, तेरा वर्षांनंतर, आपल्या मुलीचा घात कोणीं केला याचें उत्तर मिळालें नाहीं. ढिलाईनें दोघांचाही घात केला. अभियुक्ताचे हक्क सांभाळणें म्हणजे पीडिताचा पक्ष सोडणें, असें पुष्कळांस वाटतें. पण जी काळजी एकाला वांचविते तीच दुसऱ्याला न्याय मिळवून देते. पुढें जुलै २०२५ मध्यें तमिळनाडूच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सबंध देशाला नियम घालून दिले: नमुना नीट मोहोरबंद करावा, अठ्ठेचाळीस तासांच्या आंत प्रयोगशाळेस पोंचवावा, तो कोणाकोणाच्या हातांतून गेला याची नोंदवही ठेवून ती खटल्याच्या कागदपत्रांस जोडावी. नियम साधे आहेत. पण ते घालून देण्यास २०२५ साल उजाडावें लागलें.

आतां दुसरा प्रश्न: काम संपल्यावर थेंबाचें काय होतें? येथें कायदा पाहिला पाहिजे.

पूर्वी इंग्रजी अमदानींतला १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा होता. त्यांत मुख्यतः बोटांचे व पावलांचे ठसे, मापें आणि छायाचित्रें एवढेंच होतें. २०२२ सालीं त्याच्या जागीं फौजदारी प्रक्रियेंतील ओळखीचा नवा कायदा आला व तो त्याच वर्षीं ४ ऑगस्टपासून लागू झाला. त्यांत बोटांच्या व तळव्यांच्या ठशांबरोबर डोळ्यांतील बुबुळाचें चित्र आणि शरीरांतील जैविक नमुने व त्यांची तपासणी हींही आलीं. शिक्षा झालेलेच नव्हेत, तर नुसते अटक झालेले लोकही या कायद्याच्या कक्षेंत येतात. एक सवलत आहे: गुन्हा स्त्रिया वा बालकें यांच्या विरुद्ध नसेल आणि त्यास सात वर्षांहून कमी शिक्षा असेल, तर अटक झालेला माणूस जैविक नमुना देण्यास बांधलेला नाहीं. पण चौकींत घाबरून बसलेल्या हमालाला किंवा मागकऱ्याला हें सांगणार कोण?

या नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे जातात आणि पंचाहत्तर वर्षें ठेवल्या जातात. पंचाहत्तर! २०२५ सालीं वीस वर्षांच्या मुलाची झालेली नोंद २१०० सालापर्यंत राहील. बहुधा त्याच्या मागेंही. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, किंवा सर्व अपिलें संपून निर्दोष ठरला, तर नोंद नष्ट करावी असें कायदा म्हणतो; परंतु न्यायाधीशास कारणें लिहून ती ठेवण्याचा हुकूमही करतां येतो. शिवाय नियमांप्रमाणें नोंद पुसण्याची विनंती नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करावी लागते. म्हणजे सुटलेल्या माणसानेंच पुन्हां सरकारचें दार ठोठवावयाचें.

डीएनएच्या स्वतंत्र पेढीसाठीं एक विधेयक २०१९ च्या जुलैंत लोकसभेंत मांडलें गेलें होतें. त्यांत घटनास्थळ, संशयित, शिक्षा झालेले, हरवलेले व अनोळखी मृत, अशा निरनिराळ्या याद्या योजिल्या होत्या. संसदेच्या समितीनें २०२१ सालीं अहवाल देतांना दुरुपयोगाच्या भीतीची दखल घेतली. अखेर जुलै २०२३ मध्यें तें विधेयक परत घेण्यांत आलें. म्हणजे नमुने घेण्याचा व त्यांच्या नोंदी राखण्याचा अधिकार कायद्यांत आला. पण थेंब कोठें, किती दिवस व कोणाच्या देखरेखीखालीं राहावा हें सांगणारा डीएनएपुरता निराळा कायदा मात्र झाला नाहीं.

येथें अण्णा म्हणतील, "राहीना कां नोंद! नोंद कोणाला चावते?" याच जागीं मला माझ्या शाळेंतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती माझ्या चुकीची आहे.

पुष्कळ वर्षें झालीं. वर्गाच्या सहलीसाठीं गोळा केलेले पैसे माझ्या टेबलाच्या खणांतून नाहींसे झाले. मधल्या सुटींत एक मुलगा वर्गांत एकटा होता. बाप लूमवर रात्रपाळी करणारा, घरची गरिबी. मीं त्याच्यावर संशय घेतला व शिक्षेच्या वहींत त्याचें नांव 'चोरीचा संशय' असें शेऱ्यांत लिहून नोंदविलें. दोन दिवसांनीं ते पैसे परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांत सांपडले. मींच ते तेथें ठेवून विसरलों होतों. मीं भर वर्गांत त्या मुलाची माफी मागितली. मुलगाही हंसला. मला वाटलें, झालें, प्रकरण संपलें.

दोन वर्षांनीं दुसऱ्या एका शिक्षकाच्या वर्गांत एक घड्याळ हरवलें. त्यांनीं शिक्षेची वही उघडली. चोरीच्या सदरांत एकच नांव होतें. मुलाला बोलावलें, दप्तर झाडलें, बापाला कामावरून बोलावून आणलें. घड्याळ दुसऱ्याच मुलाकडे निघालें. त्या दिवशीं शाळा सुटल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही माफी वर्गांत मागितली. वहींत नाहीं मागितली."

मीं त्याच क्षणीं वही काढून ती ओळ खोडली. पण दोन वर्षें ती ओळ तेथें होती. ज्या शिक्षकानें वही उघडली त्याचा दोष नव्हता, आणि मुलाचा तर नव्हताच. नोंद चावते ती अशी. वही स्वतः कांहीं करीत नाहीं. पण नवी चोरी झाली कीं पहिली बोटें जुन्या पानावरच जातात.

शाळेच्या वहींत एका मुलाचें नांव होतें. सरकारच्या वहींत कधीं कधीं सबंध जातीच्या जाती लिहिल्या गेल्या, हें महाराष्ट्राला नव्यानें सांगावयास नको. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं झाला व १९११ मध्यें तो देशभर पसरला. पारधी, कैकाडी अशा जमातींत जन्म घेणें हाच गुन्हा मानून त्यांच्या माणसांचीं नांवें पटावर चढविलीं जात, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी लावली जाई. सोलापूरच्या तारेच्या कुंपणांतील वसाहत ही त्याचीच खूण. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं देशभर तो कायदा गेला व हे लोक विमुक्त म्हणविले गेले. पण पट फाटला तरी डोळ्यांतला संशय गेला नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयास पोलिसांना बजावावें लागलें कीं, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीनें पकडूं नये. ज्या वस्तींत पोलीस अधिक वेळां जातात, त्या वस्तींतील लोक अधिक पकडले जातात. जे अधिक पकडले जातात, त्यांचे थेंब वहींत अधिक जातात. आणि पुढल्या वेळीं वही त्यांच्याचकडे बोट दाखविते.

आमच्या गांवाला याचा अनुभव आहे. मे १९७० मध्यें भिवंडींत दंगल झाली, तेव्हां मी लहान होतों. तिच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. त्या आयोगानें दंगलीनंतरच्या विशेष तपासपथकाच्या कामावर कडक ताशेरे ओढले. पथकानें एका समाजाच्या विरुद्ध पक्षपात केला, असा निष्कर्ष काढला. ही चौकशी झाली म्हणून सत्य बाहेर आलें. आतां कल्पना करा, त्या काळीं अटक झालेल्या प्रत्येकाचा डीएनए घेण्याची सोय असती. पक्षपातानें पकडलेल्यांच्या त्या नोंदी आजही शिल्लक असत्या. आणि आयोगाचा अहवाल कपाटांत, तर नोंद मात्र यंत्रांत जागी, असा प्रकार झाला असता.

बोटांच्या ठशांपेक्षां डीएनए आणखी एका बाबतींत निराळा आहे. ठसा एकट्याचा असतो. रक्त कुळाचें असतें. निम्मी माळ आईची, निम्मी बापाची. भावाची माळ भावाशीं बरीच जुळते. २०१८ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें चाळीस वर्षांपूर्वींच्या खुनांचा छडा अशाच मार्गानें लागला. गुन्हेगाराच्या दूरच्या नातलगांनीं आपली वंशावळ शोधण्याकरितां दिलेल्या माहितीवरून पोलीस त्याच्यापर्यंत पोंचले. गुन्हेगार सांपडला हें चांगलेंच झालें. पण याचा अर्थ असा कीं, एका मुलाचा थेंब वहींत गेला कीं त्याचे आईबाप, बहिणी, चुलतभाऊ, उद्यां होणारीं मुलें, सर्वांचीच अर्धीमुर्धी नोंद झाली. त्यांना कोणीं विचारलें नाहीं. त्यांच्यापैकीं कोणालाही पकडलें नव्हतें. शिवाय बाप-मुलाचें नातें खरें कीं नाहीं, अशा घरांतल्या घरांत राहावयाच्या गोष्टीही त्या थेंबांत असतात.

मग यावर न्यायालयांचें म्हणणें काय? १९६१ सालीं मुंबई राज्याच्या एका अपिलांत सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षर देणें म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणें नव्हे. आपल्या शरीराची निशाणी देण्यास आरोपीला भाग पाडतां येतें, तें या तत्त्वावर. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें सांगितलें कीं, खासगीपण हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यांत हात घालावयाचा असेल तर त्यासाठीं कायदा पाहिजे, हेतु योग्य पाहिजे, आणि हेतूच्या मानानें उपाय बेताचा पाहिजे. शेतांत उंदीर झाले म्हणून कोणी पिकास आग लावीत नाहीं. हाच त्या तिसऱ्या कसोटीचा अर्थ.

इंग्लंडनें या कसोटीवर मार खाल्ला. तेथें २००१ सालीं अकरा वर्षांच्या एका मुलास अटक झाली व तो निर्दोष सुटला; दुसऱ्या एका गृहस्थावरील खटला काढून घेतला गेला. दोघांचेही नमुने पोलीस देईनात. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयांत गेलें. ४ डिसेंबर २००८ रोजीं सतरा न्यायाधीशांनीं एकमुखानें निकाल दिला कीं, दोषी न ठरलेल्यांचे नमुने सरसकट व कायमचे ठेवणें हें खासगी आयुष्याचें उल्लंघन आहे. मग २०१२ सालीं इंग्लंडनें कायदा बदलला आणि सतरा लाखांहून अधिक नोंदी पुसून टाकल्या. थेंबही, त्याच्यापासून माळ काढून झाल्यावर, साधारणतः सहा महिन्यांच्या आंत नष्ट करावयाचे असें ठरविलें. तेथील पोलिसांचें काम त्यानें बंद पडलेलें नाहीं. तात्पर्य, वहीही राहूं शकते व माणसाची अब्रूही राहूं शकते. पुसण्याची तयारी मात्र हवी.

आपण काय मागावें? माझ्या मतें चार गोष्टी. पहिली, कायमची नोंद गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांचीच असावी. संशयिताचा नमुना त्याच खटल्यापुरता ताडून पाहावा. दुसरी, माणूस निर्दोष सुटला कीं नोंद सरकारनें आपण होऊन पुसावी व तसें त्यास लेखी कळवावें. त्यानें अर्ज करीत फिरूं नये. तिसरी, माळ काढली कीं थेंब नष्ट व्हावा. आणि हरवलेल्या मुलाच्या शोधासाठीं आईनें आपण होऊन दिलेला थेंब गुन्ह्याच्या वहीशीं कधींही ताडूं नये. चौथी, या सर्वांवर पोलीस खात्याबाहेरच्या जाणत्या माणसांची देखरेख असावी.

आणि हें होईपर्यंत घरोघरीं एवढें ठाऊक असावें: घरांतील किंवा पदरच्या कोणा माणसास पकडलें, तर कलम कोणतें व शिक्षा किती हें आधीं विचारावें, कारण जैविक नमुना देणें सक्तीचें कीं नाहीं तें त्यावर ठरतें. माणूस सुटला तर निकालाची सहीशिक्क्याची नक्कल काढून ठेवावी, वकिलाचा सल्ला घ्यावा आणि नोंद नष्ट करण्याचा अर्ज न विसरतां करावा. आनंदाच्या भरांत तो अर्ज राहून जातो, आणि नोंदही राहून जाते.

परवां मीं ओट्यावर अण्णांना हें सर्व सांगितलें. त्या मुलाची गोष्टही सांगितली. अण्णा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "मास्तर, म्हणजे प्रश्नच उलटा विचारावयास हवा. ज्यानें कांहीं केलें नाहीं, त्याचें नांव वहींत कशाला?"

श्रोतेहो, माझें उत्तर तेंच आहे. गुन्हेगाराला वहीचें भय असावें, पण निरपराध्याला वहीवरचा विश्वास असावा. आणि ज्या वहींतली चूक खोडतां येत नाहीं, तिच्यावर विश्वास कोणीं ठेवावा?